शुद्धी, स्वच्छता आणि ख्रिस्ती श्रद्धा

१

आपल्याकडच्या अनेक ख्रिस्ती मंडळ्यांत अलीकडे एक उपक्रम रुजू लागला आहे. वर्षातून एखाद्या रविवारी उपासना थोडी लवकर आटोपतात आणि सगळेजण झाडू, घमेली, पोती घेऊन बाहेर पडतात. चर्चचे आवार, कबरस्थान, जवळचा ओढा, बाजारतळ साफ केला जातो. झाडे लावली जातात. सृष्टी ही देवाची निर्मिती आहे, म्हणून तिची निगा राखणे हीसुद्धा उपासनाच होय, अशी त्यामागची भूमिका असते. भूमिका चांगली आहे. परंतु या भूमिकेमागचा धर्मविचार कोणता, तो कोठून आला आणि ज्या समाजात झाडू जन्माबरोबर हाती येतो त्या समाजात या विचाराचे काय होते, हे तपासून पाहिले पाहिजे. प्रस्तुत लेखाचा तोच हेतू आहे.

मी ज्या मंडळीत वाढलो ती गोदावरीच्या पट्ट्यातील एका तालुक्याच्या गावची. आमची घरे पणजोबांच्या वेळी महारवाड्यातून ख्रिस्ती झाली. आई नगरपालिकेचे रस्ते झाडीत असे. तिच्या पगारावर मी शिकलो आणि घरातला पहिला पदवीधर झालो. आज महाविद्यालयात शिकवतो. चार वर्षांपूर्वी सुट्टीत गावी गेलो असता असाच स्वच्छतेचा रविवार आला. मी आईला म्हणालो, "आई, चल, तू पण चल." ती म्हणाली, "मी सहा दिवस झाडते. रविवारी झाडूला हात लावीत नाय. तुम्ही लावा." मला तेव्हा वाटले, म्हातारी थकली आहे.

दीड-दोन तास काम झाले. हातमोजे होते, गाणी होती, तरुण संघाची मुले उत्साहात होती. प्लास्टिकची बारा-पंधरा पोती भरली. शेवटी आवारामागचे गटार तुंबलेले दिसले. दोघा-तिघांनी काठी घालून पाहिले. मग एक पंच म्हणाले, "राहू द्या, ते भाऊ करील."

हा भाऊ आमच्याच आळीचा. नगरपालिकेत सफाई कामगार. तो त्या दिवशी कामगार म्हणून आलेला नव्हता. बायकोमुलांसह उपासनेला आला होता, तिसऱ्या बाकावर बसला होता आणि आमच्याबरोबर प्लास्टिक गोळा करीत होता. त्याने ते वाक्य ऐकले. हातातले पोते खाली ठेवले, बाह्या वर केल्या, हातमोजे काढून बाजूला ठेवले, कारण ते तोकडे होते, आणि कोपरापर्यंत हात गटारात घातला. कोणी त्याला थांबवले नाही. मीही थांबवले नाही. नंतर सर्वांचा एकत्र फोटो काढण्यात आला. भाऊ हात धुवायला गेला होता, तो फोटोत नाही.

त्या सकाळी आम्ही सर्वांनी एकच काम केले असे वरवर पाहता वाटेल. तसे नव्हते. पंचांसाठी ती सेवा होती, माझ्यासाठी सुट्टीतला एक चांगला अनुभव होता आणि भाऊसाठी ती सोमवारची पाळी होती, फक्त एक दिवस आधी आलेली.

२

येथे दोन शब्दांतला फरक नीट समजून घेतला पाहिजे. शुद्धी आणि स्वच्छता. आपल्या बोलण्यात हे शब्द एकमेकांच्या जागी वापरले जातात, पण ते एकमेकांचे शत्रू आहेत. स्वच्छता ही डोळ्यांनी दिसते, नाकाला कळते आणि पाणी, साबण, कष्ट यांनी साधते. शुद्धी ही दिसत नाही. ती माणसाच्या जन्मावर बसवलेली असते. वस्तू कितीही घाण असली तरी ती शुद्ध असू शकते आणि माणूस कितीही स्वच्छ असला तरी तो अशुद्धच राहतो.

महाडचे उदाहरण आपणा सर्वांना पाठ आहे. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हजारो अनुयायांसह चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. त्यानंतर सवर्णांनी तळे शुद्ध करून घेतले. कशाने? शेण, गोमूत्र, दूध, दही यांचे १०८ घडे पाण्यात ओतून. आरोग्याच्या दृष्टीने पाहिले तर पिण्याचे पाणी त्यांनी घाण केले. धर्माच्या दृष्टीने ते शुद्ध झाले. शुद्धी आणि स्वच्छता यांचे नाते याहून स्पष्ट करून सांगणारा प्रसंग शोधूनही सापडणार नाही. याच व्यवस्थेने घाण काढण्याचे काम अशुद्ध ठरवले, ते करणारा अशुद्ध ठरवला आणि मग इतरांनी घाण करायला मोकळीक घेतली. आपल्या नद्या, ओढे, रस्ते यांची जी अवस्था आहे तिच्या मुळाशी शिस्तीचा अभाव आहे असे सांगितले जाते. परंतु आपण टाकलेले उचलायला एक जात जन्मालाच घातलेली आहे असा ज्या समाजाचा हजार वर्षांचा समज आहे, तो समाज शिस्त कशासाठी शिकेल?

आता शुभवर्तमानाकडे वळू. येशूच्या काळच्या यहुदी समाजातही शुद्धाशुद्धतेचे कडक नियम होते. त्या नियमांबाबत त्याची वागणूक एकसारखी आहे. मार्कच्या सातव्या अध्यायात परूशी त्याला विचारतात की तुझे शिष्य हात न धुता का जेवतात. हा वाद आरोग्याचा नव्हता, विधीचा होता. येशूचे उत्तर असे की बाहेरून आत जाणारे काही माणसाला विटाळत नाही. त्याच्या आतून जे निघते तेच विटाळते. कुष्ठरोग्याला तो हात लावून बरे करतो. रक्तस्रावाने पिडलेली बाई त्याच्या वस्त्राला शिवते तेव्हा तो तिला 'मुली' म्हणून हाक मारतो. शुद्धीची भिंत तो दर वेळी ओलांडतो.

पण शुद्धी नाकारणारा हाच माणूस शेवटच्या रात्री स्वच्छतेचे काम हाती घेतो. योहानाच्या तेराव्या अध्यायातील तो प्रसंग दरवर्षी उत्तम शुक्रवारच्या आदल्या दिवशी आपण ऐकतो. जेवणावरून उठून तो कमरेला रुमाल गुंडाळतो आणि शिष्यांचे धुळीने भरलेले पाय धुतो. पाय धुणे हे त्या समाजात घरच्या दासाचे काम. पेत्र नको म्हणतो, कारण हे काम कोणाचे हे त्याला पक्के ठाऊक आहे. येशू त्याचे ऐकत नाही.

या प्रसंगावर आपण सहसा नम्रतेचे प्रवचन ऐकतो. माझ्या मते त्यातला महत्त्वाचा शब्द 'एकमेकांचे' हा आहे. पाय धुऊन झाल्यावर येशू शिष्यांना सांगतो की तुम्हीही एकमेकांचे पाय धुवावेत. धुणारा एक आणि धुऊन घेणारे अकरा अशी व्यवस्था तो लावून देत नाही. आज ज्याने धुतले त्याचे उद्या दुसरा धुईल. काम फिरते राहिले की त्याला जात चिकटत नाही. काम एकाच घरात मुक्कामाला राहिले की त्याची जात होते. ख्रिस्ती श्रद्धेतून स्वच्छतेचा काही अर्थ निघत असेल तर तो या एका शब्दातून निघतो.

आणखी एक प्रसंग प्रेषितांच्या कृत्यांत आहे. पेत्र यापो गावी शिमोन नावाच्या कातडी कमावणाऱ्याच्या घरी राहतो. आपल्या गावगाड्यात हे काम ढोर समाजाकडे होते. घराच्या धाब्यावर पेत्राला दृष्टान्त होतो आणि सांगितले जाते की देवाने जे शुद्ध केले त्याला तू निषिद्ध मानू नकोस. हा धडा त्याला मंदिरात मिळत नाही. तो मिळतो कातड्याचा वास येणाऱ्या घराच्या धाब्यावर.

३

सृष्टीची निगा हा विचार ख्रिस्ती जगतात आज सर्वत्र बोलला जात असला तरी त्याला चालना एका आरोपातून मिळाली. १९६७ साली लिन व्हाइट या अमेरिकन इतिहासकाराने 'सायन्स' या नियतकालिकात लिहिले की पृथ्वीची जी नासाडी चालली आहे तिला पाश्चात्त्य ख्रिस्ती विचार मोठ्या प्रमाणात जबाबदार आहे. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात माणसाला पृथ्वीवर सत्ता चालवण्यास सांगितले आहे, त्याचा हा परिणाम, असे त्याचे म्हणणे. या आरोपाने धर्मपंडित खडबडून जागे झाले. १९८३ मध्ये व्हँकूव्हर येथे भरलेल्या जागतिक चर्च परिषदेच्या अधिवेशनाने न्याय, शांती आणि सृष्टीची अखंडता ही तिन्ही सूत्रे एकत्र बांधली. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली 'लाउदातो सी' हे परिपत्रक काढले आणि धरित्रीचा आक्रोश व गरिबांचा आक्रोश एकत्र ऐकावा लागेल असे त्यात बजावले.

या मंथनातून उत्पत्तीचा दुसरा अध्याय पुढे आला. तेथे माणसाला बागेत ठेवले आहे ते तिची मशागत आणि राखण करण्यासाठी. मूळ हिब्रूत मशागतीसाठी जे क्रियापद आहे त्याचा अर्थ सेवा करणे, चाकरी करणे असाही होतो. मालकी येथे नाही, चाकरी आहे.

मला याहून मोलाचा वाटतो तो निर्गमाचा तेविसावा अध्याय. सातव्या वर्षी जमीन पडीक ठेवा, म्हणजे गरिबांना खायला मिळेल. सातव्या दिवशी काम थांबवा, म्हणजे बैल, गाढव, दासीचा मुलगा आणि परका यांना विसावा मिळेल. जमिनीचा विसावा आणि राबणाऱ्याचा विसावा एकाच दमात सांगितला आहे. जमीन पिळणारा आणि माणूस पिळणारा हे दोघे वेगळे नाहीत, हे त्या जुन्या कायदेकर्त्याला कळले होते. हा अध्याय वाचताना मला आईचे उत्तर आठवले. ती थकली म्हणून आली नाही असे मी समजलो होतो. शास्त्र तिने पाळले होते, मी नव्हे.

मराठी मुलखात ख्रिस्ती श्रद्धा आणि पर्यावरण यांचा सर्वांत ठळक संबंध वसईत आला. १९८० च्या दशकाच्या अखेरीस तेथील बागायती आणि गावे बिल्डरांच्या घशात जाऊ लागली, विहिरींचे पाणी उपसून टँकरने विकले जाऊ लागले. त्याविरुद्ध हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली. तिचे नेतृत्व फादर फ्रान्सिस दिब्रिटो (निधन २०२४) यांनी केले. ते 'सुवार्ता' मासिकाचे संपादक होते आणि पुढे २०२० साली उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. धर्मगुरूने रस्त्यावर उतरून गुंडगिरी आणि जमीनमाफिया यांना तोंड देणे ही साधी गोष्ट नव्हे. या लढ्याचे ऋण मान्य करूनच एक निरीक्षण नोंदवतो. ही लढाई मुख्यतः ज्यांच्याकडे वाडी आहे, विहीर आहे, त्यांची होती. आपल्या मालकीचे हिरवेपण वाचवणे हा त्यांचा हक्कच आहे. परंतु ज्याच्या नावावर सातबारा नाही त्याचा पर्यावरणाशी संबंध हिरवळीतून येत नाही. तो कचराकुंडीतून येतो, मेलेल्या जनावरातून येतो, गटारातून येतो. दलित ख्रिस्ती माणसाने सृष्टीच्या निगेचा विचार करायचा तर तो येथून सुरू झाला पाहिजे.

४

असा विचार जगात कोठे झाला आहे काय? एक ठिकाण आहे, त्याची आपल्याकडे फारशी चर्चा होत नाही. ते म्हणजे इजिप्तची राजधानी कैरो.

कैरोत घरोघरचा कचरा उचलणाऱ्यांना 'झब्बालीन' म्हणतात. शब्दाचा अर्थच कचरेवाले. दक्षिण इजिप्तमधील गरीब शेतकरी आणि भूमिहीन १९४० च्या सुमारास शहरात आले. त्यांत बहुतेक कॉप्टिक ख्रिस्ती होते. तेथे आधीपासून 'वाहिया' म्हणून ओळखले जाणारे ठेकेदार होते. घरमालकांकडून पैसे घेण्याचा हक्क या ठेकेदारांचा आणि जिने चढून कचरा आणण्याचे काम झब्बालीनांचे. मोबदला काय, तर तो कचराच. ओले उरलेसुरले डुकरांना घालायचे, कागद, काच, पत्रा, प्लास्टिक वेचून विकायचे. ठेकेदार आणि राबणारा यांची ही विभागणी आपल्याला ओळखीची वाटेल.

शहराने त्यांना एका जागी टिकू दिले नाही. १९७० च्या सुमारास त्यांना मुकत्तम डोंगराच्या पायथ्याशी हाकलण्यात आले. पत्र्याच्या झोपड्या, पाणी नाही, वीज नाही, दारात कचऱ्याचे ढीग. त्याच दशकात तेथे चर्च उभे राहू लागले, प्रथम साधेसे, मग डोंगराच्या कपारी कोरून. आज तेथील गुहेतल्या चर्चमध्ये हजारो माणसे एकावेळी बसतात. हे चर्च ज्या संताच्या नावाने आहे तो संत समान म्हणजे शिमोन, दहाव्या शतकातला, कातडी कमावणारा. कॉप्टिक लोकांची कथा अशी की खलिफाने श्रद्धेने डोंगर हलवून दाखवा असे आव्हान दिले, तेव्हा बिशप आणि पंडित यांच्यापैकी कोणाच्याही प्रार्थनेपेक्षा या एकडोळ्या चर्मकाराची प्रार्थना कामी आली आणि मुकत्तम हलला. कथा खरी की खोटी हा प्रश्न येथे गौण आहे. कचरा वेचणाऱ्या लोकांनी आपला संत म्हणून कोणाला निवडले, हे पाहा.

या वस्तीत सिस्टर इमॅन्युएल (१९०८–२००८) या जोगिणीसारख्या व्यक्ती येऊन राहिल्या. त्या १९७१ पासून कैरोच्या कचरेवाल्यांत राहत होत्या. त्यांनी लोकांना स्वच्छतेची शपथ देऊन निघून जाणे पसंत केले नाही. शाळा, दवाखाना आणि ओल्या कचऱ्याचे खत करण्याचा कारखाना उभारण्यासाठी पैसे मिळवले. १९८४ साली स्थापन झालेल्या एका स्थानिक संस्थेने बायकांना चिंध्यांचे गालिचे विणणे व जुन्या कागदापासून नवा कागद करणे शिकवले. उचललेल्या कचऱ्यापैकी सुमारे ८० टक्के कचरा हे लोक पुन्हा वापरात आणत, असे अभ्यासक सांगतात. जगातील कोणत्याही आधुनिक शहराला हेवा वाटावा असे हे प्रमाण आहे.

मग शहराने काय केले? २००३ साली सरकारने परदेशी कंपन्यांशी पंधरा वर्षांचे करार केले. या कंपन्यांवर पुनर्वापराची सक्ती होती ती अवघ्या २० टक्क्यांची. लोकांच्या विजेच्या बिलात कचऱ्याची रक्कम जोडली गेली आणि पिढ्यान्पिढ्या हे काम करणारा बाजूला पडला. त्यानंतर २००९ मध्ये स्वाइन फ्ल्यूचे निमित्त करून देशातील सुमारे तीन लाख डुकरे मारण्यात आली. या डुकरांपासून तो रोग पसरत नाही असे जागतिक आरोग्य संघटना सांगत होती. परिणाम असा झाला की ओला कचरा खाणारे कोणी उरले नाही, झब्बालीनांनी तो उचलणे सोडले आणि कैरोचे रस्ते सडू लागले. ज्यांना शहर घाणेरडे म्हणत होते त्यांच्यामुळे शहर स्वच्छ होते, हे शहराला तेव्हा कळले.

कैरोपासून आपण दोन गोष्टी शिकाव्यात. पहिली, तेथील चर्चने कचरा वेचणाऱ्याला बाहेरून उपदेश केला नाही. ते त्याच्या ढिगाऱ्याशेजारी राहिले, त्याच्या हुन्नराला हुन्नर मानले. दुसरी गोष्ट कडू आहे. एवढे होऊनही कचरेवाल्याचा मुलगा बहुधा कचरेवालाच झाला. भव्य चर्च आणि चर्मकार संत मिळाला, पण काम त्याच घरात राहिले. श्रद्धा माणसाला उभे राहण्याचे बळ देऊ शकते. तीच श्रद्धा त्याला आहे त्या जागी समाधानाने बसवूनही ठेवू शकते.

५

बाबासाहेबांनी हा धोका फार पूर्वी ओळखला होता. १९३८ च्या जानेवारीत सोलापूर येथे ख्रिस्ती लोकांच्या सभेत ते बोलले. बुद्ध आणि ख्रिस्त यांच्या व्यक्तिमत्त्वाचे आकर्षण त्यांनी मोकळेपणाने सांगितले. पण धर्मांतरित समाज चर्चमध्येही जात पाळतो आणि सामाजिक अन्यायाविरुद्ध लढायला पुढे येत नाही, हेही तोंडावर सांगितले. या बोलण्याचे उत्तर आपण अजून दिलेले नाही.

सरकारने त्यात आपली भर घातली आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ साली शिखांना आणि १९९० साली बौद्धांना तो मिळाला. ख्रिस्ती आणि मुसलमान दलित अजून बाहेर आहेत. भाऊ ख्रिस्ती आहे म्हणून कागदावर त्याची जात नाही. गटार तुंबले की मात्र ती सर्वांना आठवते.

कायदे झाले आहेत. हाताने मैला उचलण्यास १९९३ च्या कायद्याने बंदी आली. २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय गटारात आणि मैल्याच्या टाकीत माणूस उतरवणे गुन्हा ठरले. सफाई कर्मचारी आंदोलनाच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१४ मध्ये १९९३ पासूनच्या गटारमृत्यूंसाठी कुटुंबांना दहा लाख रुपये देण्याचा आदेश दिला. ऑक्टोबर २०२३ मध्ये ही रक्कम तीस लाख करण्यात आली. तरीही माणसे गुदमरून मरतात. या मृतांसाठी आपल्या किती मंडळ्यांनी रविवारच्या उपासनेत प्रार्थना केली?

तेव्हा स्वच्छतेचा रविवार बंद करावा असे माझे म्हणणे नाही. तो श्रद्धेचा रविवार व्हावा असे आहे. त्यासाठी चार गोष्टी सुचवतो. एक, जे काम मंडळीतील कोणी पोटासाठी करतो ते काम त्याला 'सेवा' म्हणून फुकट सांगू नये. दोन, चर्चचे संडास आणि गटार यांची पाळी लावावी आणि तिची सुरुवात पाळकसाहेब व पंच यांच्यापासून व्हावी. तीन, यंत्राचे काम यंत्राने करावे. टाकी उपसायची तर गाडीचे भाडे वर्गणीतून द्यावे, माणूस उतरवू नये. चार, गावातील सफाई कामगारांच्या पगाराचा, कंत्राटाचा, साधनांचा प्रश्न मंडळीने आपला मानून नगरपालिकेच्या दारात जावे. पुण्यात १९९३ साली बाबा आढाव यांच्या मार्गदर्शनाखाली कागद-काच-पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. तिच्यातल्या बहुसंख्य दलित असलेल्या बायांनी ओळखपत्रे मिळवली आणि पुढे 'स्वच्छ' ही सहकारी संस्था उभारून महापालिकेशी करार केला. त्या बायांनी पर्यावरणावर प्रवचने केली नाहीत. शहराचा कचरा वेगळा केला आणि त्याचा मोबदला मागितला.

घरापासून सुरुवात करायची तर ओला आणि सुका कचरा आपल्याच हाताने वेगळा करावा. आपला उकिरडा दुसऱ्याच्या हाताला लागू न देणे ही पाय धुण्याची आजची रीत आहे.

गेल्या डिसेंबरात आमच्या मंडळीच्या सभेत मी पाळीचा प्रस्ताव ठेवला. बराच वाद झाला. "प्राध्यापक झालात म्हणून आम्हाला शिकवता काय," असेही कोणी म्हणाले. भाऊ गप्प बसून होता. शेवटी तोच उठला आणि एवढेच म्हणाला, "त्या दिवशी तुम्ही पण तिथंच होता, सर." मला उत्तर देता आले नाही. प्रस्ताव संमत झाला, पण आवाराच्या झाडलोटीपुरता. संडास-गटारासाठी स्वेच्छेने नावे द्यावीत असे ठरले. एकूण सात नावे आली. पाळकसाहेबांचे आहे, पंचांपैकी एकाचे आहे. भाऊने नाव दिलेले नाही आणि कोणी त्याला विचारलेही नाही, ही त्यातल्या त्यात सुधारणा.

यादी चर्चच्या दारावर लावली आहे. माझी पाळी महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी असते.